वाटेला न लावलेली पाहुणी

जालन्यात समुद्र कुठला, असं बिल्डरला कुणी विचारलं नाही. त्यानं कुठल्याशा परदेशातल्या समुद्राकाठच्या इमारतीचा फोटो पाहिला आणि भोकरदन रोडच्या काळ्या मातीत हुबेहूब तशीच उभी केली. बाहेरून गेरूसारखी लाल, आत गुलाबी चौक, आणि मध्येच चढणारे, मध्येच उतरणारे निळे-जांभळे जिने. पाटीवर नाव ‘सागरिका’; लोक म्हणायचे ‘रंगपंचमी’. राहायला आलेली माणसंसुद्धा सुरुवातीला आपलंच दार शोधत फिरायची.

राजनंदिनीचं इथलं हे पहिलं संक्रांतीचं हळदीकुंकू. दुपारी ती वाणाच्या वाट्या पुसत होती, तोच बेल वाजली.

दारात दैवशालाकाकू. राजूरची चुलतसासू. राजनंदिनीच्या नवऱ्याची, रामप्रसादची, आई तो लहान असतानाच वारली. त्याला वाढवलं ते या काकूनं. विटलेलं लुगडं, अनवाणी पाय, हातात तिळाच्या लाडवांचा डबा.

“तुझं घर बघायचं राह्यलं होतं, पोरी,” काकू म्हणाली. आवाज खोल गेलेला. “म्हणलं, जाऊन यावं.”

तिच्या अंगाला चुलीचा वास येत होता. राजनंदिनीला आधी तोच जाणवला आणि तिचा जीव कानकोंडा झाला. यायला आजचाच दिवस सापडला का हिला?

काकू विधवा. हळदीकुंकवात बसू नका, असं तिला सांगावं लागलं नाही. ती आपणहून स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीला टेकून खाली बसली. राजनंदिनीनं दार लोटून घेतलं. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीही लाज वाटली. पण तेवढ्यात बायका आल्या.

समोरच्या फ्लॅटमधली नंदाबाई पाणी मागायच्या निमित्तानं आत डोकावली. “ह्या कोण हो?”

“कामाला आहे,” राजनंदिनी म्हणाली. जीभ अडखळलीसुद्धा नाही. जनाची नाही तर मनाची तरी असावी म्हणतात. इथं होती तेवढी सगळी जनाचीच होती.

काकूनं मान वर केली नाही. थोड्या वेळानं ती मागच्या दाराशी उभी राहिली.

“पोरी, रस्त्यापातूर वाटंला लाव मला. ह्या रंगात जिना गावंना.”

पाहुण्याला रस्त्यापर्यंत घालवायला जावं, ही रीत राजनंदिनीला काय ठाऊक नव्हती? पण चौकात बायका उभ्या होत्या.

“निळा जिना धरा, काकू... सरळ फाटक येतं,” ती कुजबुजली आणि तिनं कडी लावून घेतली.

दिवेलागणीला शेवटची बाई गेली आणि रामप्रसादचा फोन आला.

“आटपलं का तुझं? समद्या गेल्या ना?”

“गेल्या. का हो?”

“मंग सांगतो. काकू गेली... सकाळीच. चुलीम्होरं बसल्या-बसल्या. मी राजूरलाच हाय, आत्ता मसणवाट्यातून आलो. ऐकलं की सुतक लागतं. तुझं पहिलं हळदीकुंकू, म्हणून बोललो न्हाई.”

“अहो, पण त्या इथं...”

तिनं फोन तसाच बंद केला आणि ती आत गेली. चुलीचा वास परत आला होता. स्वयंपाकघरात चहाचे कप, बशा, पातेली, सगळं लख्ख घासून ओट्यावर पालथं घातलं होतं. पाणी अजून निथळत होतं. आणि सिंकमध्ये ओली राख होती. गॅसच्या घरात राख.

बेल वाजली. दारात नंदाबाई, तोंडभर हसत.

“तुमची बाई बिलकुल लाखात एक हाय हो! दुपारपासून जिन्यातच फिरून राह्यली होती. ज्याला त्याला रस्ता विचारत होती. मी म्हणलं, घडीभर टेका. तर बसल्या-बसल्या माझी समदी भांडी घासून टाकली! आत्ताबी ओट्यापाशीच हाय. नाव काय हो तिचं?”

दोघींच्या घरांमध्ये चौकावरचा छोटा पूल होता. त्याच्या पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता. घासायचा, विसळायचा... सावकाश. मग तो थांबला. तिकडंही कुणीतरी ऐकत होतं.

‘काकू आहेत त्या माझ्या.’ एवढंच म्हणायचं होतं. पण मग दुपारचं खोटं उघडं पडलं असतं. सकाळी गेलेल्या बाईपेक्षा राजनंदिनीला समोर हसत उभ्या असलेल्या नंदाबाईचीच भीती जास्त वाटली. हे तिचं तिलाही कळलं.

“नाव...” ती म्हणाली, “कधी विचारलं नाही.”

पलीकडे एक ताट हळूच पालथं घातल्याचा आवाज आला. मग अनवाणी पावलं निघाली. निळ्या जिन्यानं वर गेली, खाली आली, पुन्हा वर आली, आणि मागच्या दाराशी थांबली. कडी अजून आतूनच लावलेली होती.

“बाई,” बाहेरून अगदी अदबीनं आवाज आला, “उद्या कवा येऊ?”