रत्नमालेनं शोधलेली सीए

“माय, तू अतुलला फोन केलास?”

रत्नमालेनं परातीतलं पीठ मळायचं थांबवलं. चंपाबाईंनी मान खाली घातली.

“केला बाई... सीए शोधत तू उन्हातान्हात शहरभर हिंडलीस, अन् पोटचा पोरगा पुण्यात सीए! जिवाला राहवलं नाय माझ्या. निघालाय तो. येईलच इतक्यात.”

येणार! अकरा वर्षांनी तो या उंबऱ्याशी येणार... रत्नमालेच्या काळजात जुनी कळ उठली.

वडील गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, वर्गात पहिली. त्याच आठवड्यात तिनं कॉलेज सोडलं, मुकुंदवाडीतल्या या दोन खोल्यांत शेगडी पेटवली आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत डबे पोचवू लागली... का, तर धाकट्या अतुलचं शिक्षण थांबू नये! तो सीए झाला त्या दिवशी तिनं गल्लीभर पेढे वाटले. आणि त्याच अतुलच्या लग्नात सासरच्या कुणीतरी “या कोण?” म्हणून विचारलं, तेव्हा तो तिच्याकडं न बघता म्हणाला, “आमच्या गावाकडच्या आहेत...” बस्, एवढंच! तिनं ते ऐकलं, वधूवरांवर फुलं टाकली आणि न जेवता परतली. पुढं आईला त्याचे फोन येत राहिले. रत्नमाला मात्र त्याच्याशी एक शब्दही बोलली नाही.

यंदा एका कारखान्यानं सहाशे माणसांचं अख्खं कॅन्टीन तिला द्यायची तयारी दाखवली. जीएसटीची नोंदणी आणि सीएच्या सहीचे तीन वर्षांचे ताळेबंद मात्र हवे होते. त्यासाठीच ती हिंडली होती. जालना रोडवरच्या एका ऑफिसात साहेबांनी तिच्या भाजलेल्या बोटांकडं पाहून, “एवढी छोटी कामं आम्ही घेत नाही,” असं सांगितलं. दुसऱ्यानं मागच्या तारखा टाकून हवे ते कागद बनवून द्यायची तयारी दाखवली, तशी ती तिथून निघालीच. शेवटी सिडकोत, नव्यानं ऑफिस थाटलेली श्रेया भेटली. तिनं आधी खुर्ची दिली, मग विचारलं, “ताई, तुम्ही बनवता काय काय, ते सांगा.” महिनाभर खपून श्रेयानं जीएसटीची नोंदणी केली, दोन वर्षांचे अगदी खरे कागद उभे केले, आणि तिसऱ्या वर्षाच्या नोंदीच सापडेनात म्हणून स्वतः कारखान्यात जाऊन तिथल्या साहेबांना पटवलं. उद्या करारावर सही होती!

दारात गाडी थांबली. अतुल आत आला, आईच्या पाया पडला आणि अवघडून म्हणाला, “ताई... फाइल बघू?”

तिनं ती कोपरानं पुढं सारली. एकेक पान उलटताना त्याचा चेहरा बदलत गेला.

“चोख काम आहे,” तो पुटपुटला. “पण ताई, यापुढं मी बघतो ना सगळं. सख्खा भाऊ सीए असताना तू परक्याकडं जातेस! लोक काय म्हणतील?”

“लोकान्ला कुठं माहितीय, मला भाऊ हाय म्हणून?”

तिचा आवाज चढला नव्हता, पण अतुलनं फाइल मिटली. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

“ताई, मी लाजलो गं तेव्हा... जिच्या कष्टावर शिकलो, तिचीच लाज वाटली मला! त्या दिवसापासून तुला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. मार मला, पण बोल माझ्याशी!”

चंपाबाई पदरानं डोळे टिपू लागल्या. रत्नमालेच्याही डोळ्यांतून पाणी ओघळलं. तरी तिची मान ताठ होती.

“ऐक अतुल. काम श्रेयाकडंच राहील. मोठ्या साहेबानं मला दारातून वापस धाडलं, तव्हा तिनं खुर्ची दिली. मी माझी सीए माझ्या हिमतीवर शोधली, ती सोडायची नाय. तुझ्याकडून मला काम नको, फुकट तर नकोच. मला भाऊ पाहिजे. जमंल?”

त्यानं तिच्या पिठानं माखलेल्या हातांत आपला चेहरा लपवला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला...

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या ऑफिसात श्रेयानं करार समोर ठेवला. “मालक” या शब्दापुढं रत्नमालेनं आपलं पूर्ण नाव लिहिलं, एकेक अक्षर ठसठशीत! सही करून ती बाहेर आली, तर अतुल इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या सारून टेम्पोतली भांडी उतरवत होता, आणि भोवती जमलेल्या कामगारांना छाती फुगवून सांगत होता, “माझ्या ताईचं कॅन्टीन आहे हे!”

पदर खोचत ती लगबगीनं पुढं झाली.

“हळू रे अतुल! लई जड हाय ते पातेलं. थांब, मी दुसरीकडून धरते...”