गडबचा पुरवठादार

पेणहून रोह्याला परतताना गडबजवळ अफिफाची स्कूटर पंक्चर झाली आणि नेमकी तेव्हाच जोराची सर आली. ती धावत रस्त्याकडेच्या शेडमध्ये शिरली. आत ताज्या कापलेल्या लाकडाचा वास... आणि कानामागे पेन्सिल खोचलेला एक उंच तरुण.

“चाकातला खिळा तुमच्याच कारखान्यातला असणार,” ती फणकाऱ्यानं म्हणाली.

तो भिजत गेला, पकडीनं खिळा उपसून घेऊन आला. “हा साधा खिळा हाय, मॅडम. आमचे पीळवाले असतात. एकदा बसले की सुटत नाय.”

ती चिडली— की लाजली? तिचं तिलाच कळलं नाही.

तो फुरकान. कतारहून परतल्यावर त्यानं लाकडी पॅलेट बनवायचं काम सुरू केलं होतं. अफिफा धाटावच्या एका रंगांच्या कंपनीत खरेदी बघायची. परदेशी जाणारी त्यांची पिंपं अशाच पॅलेटवर रचली जात. पण ती सगळी गुजरातच्या एकाच कारखान्यातून येत. तिथलं काम अडलं तर काय, हा घोर तिला कायमचा. तिनं तिच्या साहेबांना, हर्षदना, गळ घातली— थोडी महाग पडली तरी पाचवा हिस्सा गडबला द्या. साहेब कुरकुरत तयार झाले. फुरकानला तिनं दोन महिन्यांचं सुकं लाकूड साठवायला लावलं. दर महिन्याला ती स्वतः माल बघायला येई. ती टेप लावून मोजी, तो शेजारी उभा राही... नजर मात्र दोघांचीही टेपवर नसे.

पुढच्या जुलैत गुजरातच्या कारखान्यात पाणी शिरलं. चार दिवसांत चारशे पॅलेट मिळाली नाहीत, तर कंटेनर हुकणार आणि जर्मनीचं गिऱ्हाईक कायमचं तुटणार. अफिफानं फोन केला. पलीकडे फुरकाननं करवत थांबवली.

“लाकूड हाय. बनवतो.”

फुरकाननं अख्खा मोहल्ला कामाला लावला. तिसऱ्या दिवशी शेवटचा टेम्पो धाटावला पोचला, कंटेनर वेळेवर निघाला. गुजरातच्या त्याच कारखान्यावर विसंबलेल्या एका प्रतिस्पर्धी कंपनीकडे दुसरा पुरवठादारच नव्हता; तिचं गिऱ्हाईकही यांच्याकडे वळलं. साहेबांनी गडबचा हिस्सा पाचव्यावरून निम्म्यापर्यंत वाढवला, तेव्हा कुठे अफिफाच्या जिवात जीव आला.

ते सांगायला ती स्वतः गेली. फुरकान भुश्शातच बसला होता, थकून, पण हसत.

“एक विचारू? ऑर्डर पॅलेटसाठी होती, की...”

“पॅलेटसाठीच.” तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “पण माल धाटावच्या गेटवरही तपासता येतो. इथवर यायची गरज नव्हती... कधीच.”

तो भुसा झटकत उठला. मग हळूच म्हणाला, “रविवारी अम्मीला रोह्याला, तुमच्या घरी पाठवू?”

“रविवारी उशीर होईल. अब्बा शनिवारी कुवेतला परत जातायत. शुक्रवारीच पाठव.”

आपण त्याला चक्क ‘तू’ म्हटलं, हे तिच्या लक्षात आलं ते नागोठणं मागे पडल्यावर... आणि स्कूटरवर ती एकटीच हसली.