बुढीच्या पिठाची लई

दिवा जवळ घे. मधात बोलू नको, मले आवडत नाही.

माझी बायको, बुढी, गेली; तिच्या दहाव्याचं सामान आणायले मी दर्यापूरले निघालो होतो. सुतकात फुलं विकता येत नाहीत, म्हणून मळ्यातला झेंडू झाडावरच सडून राहिला होता. बुढी असती तर उंबऱ्यातून ओरडली असती, "आयकलं काय, झेंडू तोडा ना!" साऱ्या जन्मात तिनं मले दुसरी हाक मारली नाही.

नात आचल म्हणाली, "आबा, डिंक आणजा. आजीचं स्क्रॅपबुक करून राहिली."

"ते काय असते?"

"तिच्या वस्तू वहीत चिकटवायच्या. म्हणजे ती जवळ राहते."

"मेलेल्याच्या वस्तू घराबाहेर टाकतात, पोट्टे."

डिंक मी आणला नाही.

परतलो तर वही तयार. आरशावरून काढलेली बुढीची टिकली, फुटकी बांगडी, अंजनगावच्या बाजाराले गेली होती त्याचं बसचं तिकीट, सारं पक्कं चिकटलेलं. चुलीवर लई, पीठ शिजवून केलेली चिकट खळ, रटरटत होती.

माझी नजर कोपऱ्यात गेली. बुढीनं जिथं जीव सोडला, तिथं आम्ही पीठ पसरून वर टोपली झाकली होती. दहाव्याले त्यावरचा ठसा पाहायचा, जीव कुठं गेला ते समजते. टोपली बाजूले लोटलेली. खाली कोरी जमीन.

"पीठ कुठं गेलं?"

"डब्यातलं संपलं होतं... म्हणून तेच घेतलं."

"ठसा होता काय त्यावर?"

"होता, आबा... आजीच्याच पायाचा. बोटं माझ्याकडं वळलेली."

तिन्हीसांजेले लाइन गेली. सडक्या झेंडूचा वास घरात आला, अन् त्यामागून बुढीच्या मिसरीचा. वारा नव्हता, तरी वहीची पानं फडफडली... मी कंदील धरला. शेवटच्या कोऱ्या पानावर आचलची टिकली, बाजूले तिची रिबिन. खालची लई ओली होती. पोट्टीचं कपाळ उघडं.

"मी नाही लावली, आबा..."

"बुढे," मी अंधाराले म्हटलं, "लेकराले सोड. न्यायचं तं मले ने."

मी वही चुलीत घातली. वाळलेला कागद, पण ओल्या लाकडासारखा धुपत राहिला. सकाळीच पोट्टीले तिच्या बापाकडं अमरावतीले धाडलं.

आता बरी आहे म्हणतात. जेवते, कॉलेजात जाते.

काल तिचा फोन आला. आवाज तिचाच होता.

"आयकलं काय," म्हणाली, "झेंडू तोडा ना."