सायकलवरचा शेठ

पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला माझ्या सायकलशेजारी एक लाल स्कूटी येऊन थांबली. हेल्मेटची काच वर करून चालवणारीनं माझ्याकडे नीट पाहिलं.

“सोमनाथ शेठ ना? तुमची पॉवर प्रेस... विकायची आहे असं कळलं.”

कोणी सांगितलं, असं मी विचारलं.

“सांगायला कशाला हवं? सायकलवर आहात ना तुम्ही.”

अंबडच्या एमआयडीसीत असंच धरून चालतात. कारमधून फिरणारा शेठ सायकलवर दिसला की त्याची कंपनी बसली. माझे दोन ऑपरेटर दुसरीकडे काम शोधायला लागले होते, हे फोरमन फकिरामामांनी मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं. कार तर इंदिरानगरला बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी होती. बॅटरी उतरू नये म्हणून मामाच आठवड्यातून एकदा ती फिरवून आणत.

कंपनी दोन्ही शिफ्टला चालू आहे, असं मी तिला सांगितलं. ती ओशाळली.

“मग सायकल कशासाठी?”

“मजा येते.”

“खोटं,” ती म्हणाली, आणि सिग्नल सुटला.

तिचं नाव रोहिणी. माझ्या कंपनीच्या मागच्या गल्लीत तिचा पत्र्याचे सुटे भाग बनवणारा लहानसा प्रेस शॉप होता. वडिलांनंतर तीच तो सांभाळत होती. त्या धावपळीत लग्नाचं राहून गेलं, आणि नंतर कुणी विषय काढला नाही, असं तिनं पुढे हसत सांगितलं.

पुढच्या आठवड्यात त्याच सिग्नलला ती सायकल घेऊन उभी. नवी कोरी, सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. कसली मजा येते ते बघायचंय, म्हणाली. कंपनीच्या गेटपर्यंत तिला धाप लागली. दुपारी तिचा फोन आला. तिच्या कामगारांनी विचारलं होतं, मॅडम, आपलीपण बंद होतेय का? आम्ही दोघं फोनवर बराच वेळ हसत होतो. मी इतका हसतोय हे ऐकून फकिरामामा केबिनच्या दारात येऊन उभे राहिले.

मग रोज सकाळी आम्ही बरोबर जायला लागलो. थंडीचे दिवस होते. तिच्या मफलरचं एक टोक वाऱ्यावर सुटलेलं असायचं. ती पुढे जायची, मागे वळून बघायची. “या शेठ, सावकाश या. घाई नाही.” मी गाठलं की ती पुन्हा जोर लावायची. बस स्टॉपवर माझ्या कंपनीत पॅकिंग करणाऱ्या बायका उभ्या असत, त्या आधी लाजून तोंड फिरवायच्या. नंतर हात करायला लागल्या. पुढे त्या थांबवून बोलायला लागल्या, पंखा चालत नाही, पाण्याचा नळ गळतो. कारच्या काचेतून यातलं काही मला कळलं नव्हतं. एखाद्या गिऱ्हाईकावर चिडून घरातून निघालो तरी फाट्यापर्यंत राग उतरलेला असायचा. रोहिणी म्हणायची की तिचा राग उतरायला अजून दोन चढ लागतात.

एका सकाळी चहाच्या टपरीवर ती म्हणाली, “आता खरं कारण सांगा.”

मी सांगितलं. वेदिका, माझी बायको, शाळेत शिकवायची. रोज तिला शाळेत सोडून मी अंबडला जायचो. ती आजारानं गेली, त्याला दोन वर्षं झाली. पुढची सीट रिकामी झाली. ब्रेक मारला की माझा डावा हात आपोआप तिच्यापुढे आडवा जायचा, तिला धक्का बसू नये म्हणून. ती गेल्यावरही जायचा. एक दिवस तो असाच गेला, आणि मी गाडी बाजूला घेऊन कितीतरी वेळ बसून राहिलो. संध्याकाळी जाऊन सायकल घेतली.

“सायकलला शेजारची सीट नसते,” मी म्हटलं.

 रोहिणीचा चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी ती सिग्नलला नव्हती. अर्जंट ऑर्डर आहे, लवकर निघते, असा मेसेज आला. पुढेही तेच. मला समजलं. माझ्या मनात जागा नाही असं तिनं धरलं होतं, आणि गुपचूप बाजूला झाली होती. मी रोज सिग्नलला दोन-दोन वेळा हिरवा दिवा सोडून देत होतो. वेदिकाची नव्हे, दुसऱ्या कुणाची तरी मी वाट बघतोय, याची आधी लाज वाटली. पण वाट बघणं काही थांबलं नाही. आता हीसुद्धा जाणार, एवढीच भीती राहिली.

मार्चमध्ये उद्योजकांच्या संघटनेनं मला बोलायला बोलावलं. विषय, उद्योजकांनी सायकलनं कामावर का जावं. माझी सायकल स्टेजवर ठेवून तिला हार घातला होता. पाठदुखी गेली, झोप लागते, कामगार बोलतात, असं सगळं मी सांगितलं. शेवटच्या रांगेत रोहिणी बसलेली दिसली, आणि मी मध्येच थांबलो.

“अजून एक फायदा आहे,” मी म्हटलं. “सिग्नलला कोण येऊन थांबेल, सांगता येत नाही.”

लोक हसले. ती हसली नाही. खाली बघत राहिली.

बाहेर अवकाळी पाऊस सुरू झाला होता. फकिरामामा माझी कार घेऊन हजर. “शेठ, भिजत जाताय काय? मी जातो पोराच्या गाडीवर.” किल्ली हातात देऊन ते गेलेसुद्धा. रोहिणी हॉलच्या पायरीवर सायकल धरून उभी होती.

“सायकल राहू द्या इथेच. सोडतो तुम्हाला,” मी म्हटलं.

ती गाडीपाशी आली आणि मागचं दार उघडलं.

“मी मागे बसते,” ती हळूच म्हणाली. “तुम्हाला त्रास नको.”

“पुढे बसा.”

“नक्की...?”

“पुढे बसा, रोहिणी.”

ती बसली. वेदिका बुटकी होती, सीट तिच्या मापानं पुढे घेतलेली होती. रोहिणीचे गुडघे समोर टेकले. तशीच अंग चोरून बसली.

“मागे सरकवा,” मी म्हटलं. “खाली दांडी आहे.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग वाकून दांडी ओढली. खट्ट आवाज झाला आणि सीट मागे गेली. मला वाटलं होतं, हा आवाज मला सोसणार नाही. सोसला. 

पाथर्डी फाट्याच्या अलीकडे एक कुत्रं आडवं आलं. मी ब्रेक मारला. डावा हात आपोआप गेला... आणि अडला. तिथे कुणीतरी होतं.

तिनं तो हात दोन्ही हातांत धरला. सिग्नल लाल होता.

“हा सवयीनं आला,” ती म्हणाली.

“हो. सवयीनं आला. आता मागे घ्यावासा वाटत नाही, ते मात्र तुमच्यामुळे.”

सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न दिला. तिनं हात सोडला, गिअरवर नेऊन ठेवला.

“उद्या सकाळी?” मी विचारलं.

“माझी सायकल हॉलवर आहे.”

“माझीपण. हार घातलेली.”

“मग घ्यायला या,” ती काचेबाहेर बघत म्हणाली. “सीट आहे तिथेच राहू द्या. परत पुढे घेऊ नका.”