उजव्या भुवईवरचा वण

वेताळगडावर उजाडलं तेव्हा तोफा गप्प होत्या. दाणागोटा संपला होता. मोगल सरदार दिलावर बेगाने कौल दिला होता, की शिबंदीने हत्यारं टाकून निघून जावं. किल्लेदाराचं मात्र डोकं घेतलं जाईल. म्हणून किल्लेदार हैबतराव घोंगडी पांघरून शिपायांत मिसळले होते. ते सुटले, तरच डोंगरापलीकडची फौज पुन्हा उभी राहणार होती.

दरवाजात बेग एक कागद धरून उभा होता. त्यावरची हैबतरावांची तसबीर रांगेतल्या विठोजी तांबटाने लांबूनच ओळखली.

ती तसबीर त्यानेच तांब्याच्या पत्र्यावर कोरली होती. चौलच्या फिरंग्याकडून तो ही विद्या शिकला होता. "जरीचा पोत दिसला पाहिजे, मोत्यांवर उजेड पडला पाहिजे," असं हैबतरावांनी बजावलं होतं. विठोजीने वीस दिवस जर आणि मोती कोरले, चेहरा दोन दिवसांत उरकला. पत्र्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, म्हणून आधीच उलटं कोरायचं, हे तो विसरला. हैबतरावांच्या डाव्या भुवईवरचा वण कागदावर उजवीकडे आला. हैबतराव मोतीच बघत राहिले. विठोजीही लाजेपोटी बोलला नाही. तसबिरी सोयऱ्याधायऱ्यांकडे गेल्या, त्यांतली एक बेगाच्या हाती लागली.

बेगाने पहारेकरी येसू धनावड्याला थांबवलं. त्याच्या उजव्या भुवईवर जुना वण होता.

"किल्लेदारसाहेब, आपल्याला घोंगडी शोभत नाही."

येसूने कागद पाहिला, मग मागच्या विठोजीकडे पाहिलं. बेग आपल्यालाच किल्लेदार समजतोय, हे त्याला उमगलं.

"शोभत नाही खरी," तो हसून म्हणाला, "पण थंडी फार होती, बेगसाहेब."

बेगाची नजर विठोजीच्या छिन्नी-हातोडीवर गेली. "तसबीर तुझीच ना? हाच का तो?"

नाही म्हणावं, तर हैबतराव सापडणार होते, आणि आपली चूकही उघडी पडणार होती. यातलं कोणतं भय मोठं होतं, हे विठोजीला पुढे कधीच ठरवता आलं नाही.

"हाच," तो म्हणाला.

येसूचं डोकं गेलं, हैबतराव निसटले, आणि चैत्रात त्यांनी गड परत घेतला. त्या एका शब्दाबद्दल विठोजीला सोन्याचं कडं मिळालं. ते घेऊन तो येसूच्या घरी गेला. येसूची बायको दारात जोंधळे पाखडत होती. त्याने सगळं सांगितलं.

"त्यांनी तुमच्याकडं बघितलं होतं?" तिने विचारलं.

"बघितलं, वहिनी."

"आन् तुमी?"

"मी खाली बघितलं."

तिने सूप बाजूला ठेवलं, कड्याकडे पाहिलंही नाही. आतून पाण्याचा तांब्या आणून त्याच्यासमोर ठेवला.

"उन्हाचं आलायसा. पानी पिऊन जावा."

त्याला तो तांब्या उचलवला नाही.