बासष्ट नंबर

सरोवराला वळसा घालणारा सायकलमार्ग बेचाळीस किलोमीटरचा. वाटेत दोन जुनी गावं, दोन राखीव पाणथळी आणि चार चौक्या. पाणथळीत कुणी अडकून राहू नये म्हणून प्रत्येक चौकीवर आपला नंबर सांगायचा आणि तिथल्या माणसानं तो वहीत वेळेसह लिहायचा, एवढाच नियम. रमतगमत गेलं तर दिवस लागतो. मला रमतगमत जाता येत नाही. ते खातं नवऱ्याकडे होतं.

नवरा जाऊन सात महिने झाले. दोघांची नोंदणी त्यानंच वर्षभर आधी करून ठेवली होती. मी एकसष्ट, तो बासष्ट. त्याचा नंबर रद्द करा असं मी कार्यालयाला कळवलं आणि एकटीच आले. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवते. जे मोजता येत नाही त्यावर मी वेळ घालवत नाही, आणि त्यानं आयुष्यभर दुसरं काहीच केलं नाही.

पहिली चौकी गावाच्या दगडी वेशीत होती. आत एक मुलगी लोकर विणत बसली होती.

"एकसष्ट," मी म्हणाले.

तिनं सुया बाजूला ठेवून वेळ लिहिली. "बासष्टवाले काका पुढे गेलेत. पाऊण तास झाला. तुमच्याबरोबरचेच ना?"

"नाही. तो नंबर दुसऱ्या कुणाला दिला असेल."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. माणूस जाऊन वर्ष झालं नाही तोवर नंबर वाटून मोकळे! पुढचे दहा किलोमीटर मी त्या रागावरच काढले. डाव्या हाताला लव्हाळी, उजवीकडे पाणी, त्यात ध्यान लावल्यासारखे बगळे. त्यानं प्रत्येक बगळ्यापाशी सायकल थांबवली असती.

दुसरी चौकी जुन्या बंदराच्या गावात, दोरखंड वळणाऱ्यांच्या गल्लीत होती. तिथल्या म्हाताऱ्यानं चष्मा सरकवून वही पाहिली.

"बासष्ट अर्ध्या तासापूर्वी गेले. अहो, भिंतीवरची पाटी न् पाटी वाचत होते! मी म्हटलं, काका, सायकल चालवायला आलात की परीक्षेला बसायला?"

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, बायको मागून येतेय, तिला सारखी घाई असते, गाठेल ती मला. सायकलवर बसताना डावा गुडघा धरत होते बिचारे."

गुडघेदुखी आणि घाईची बायको, दोन्ही जगात मुबलक आहेत. हे मी स्वतःला दोनदा सांगितलं. पण सायकलवर बसण्याआधी घड्याळ पाहिलं.

त्या दिवशी दवाखान्यात तो म्हणाला होता, "बस ना थोडा वेळ." डॉक्टरांनी काळजीचं कारण नाही असं सांगितलं होतं, आणि घरी तपासायचे पेपर पडले होते. "आलेच," म्हणून मी निघाले. गठ्ठा घेऊन परत आले तेव्हा नर्स त्याच्या अंगावरची चादर सारखी करत होती. या सात महिन्यांत एकही दिवस असा गेला नाही की मी मनातल्या मनात त्याच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत बसले नाही.

तिसरी चौकी म्हणजे पक्षी पाहण्याची लाकडी खोली, दुसऱ्या पाणथळीच्या तोंडाशी. तिथली बाई वही उघडायच्या आधीच म्हणाली, "तुम्ही एकसष्ट का? त्यांनी सांगितलं होतं. आत्ताच गेले, बारा मिनिटं झाली."

पंचेचाळीस. तीस. बारा. मी मनात गणित मांडलं. तो ताशी आठ, मी चौदा. सोळा मिनिटांत गाठायला हवं. मला फक्त त्याच्या शेजारी थोडा वेळ बसायचं होतं. त्यापुढे मी काहीही खरं मानायला तयार होते.

पाणथळीतून एकच वाट जाते, सरळ आणि अरुंद. दोन्ही बाजूंना दोन पुरुष उंचीचं बोरूचं रान. फाटा नाही, थांबायला जागा नाही. मी मान खाली घालून पॅडल मारत होते. डोळे घड्याळावर, मग वाटेवर, मग पुन्हा घड्याळावर.

सोळा मिनिटं झाली. पुढे कुणी नव्हतं.

अठरा झाली.

मागून घंटी वाजली. दोनदा.

मी सायकल कडेला घेतली आणि मागे न पाहता पुढे जायची खूण केली. कुणी पुढे गेलं नाही. थोड्या वेळानं पुन्हा वाजली, एकदाच, जरा लांबून.

"जा की!" मी ओरडले.

मग घंटी वाजली नाही.

बोरूचं रान संपलं. धक्क्याजवळ चौथी चौकी होती. तिथला माणूस टेलिफोनशेजारी बसला होता.

"बासष्ट कधी गेले?" मला धाप लागली होती.

त्यानं वहीत बोट फिरवलं. "अजून आले नाहीत."

"माझ्या पुढे होते."

"मग तुम्ही त्यांना मागे टाकलं असणार. वाट एकच आहे, ताई."

मी सायकल वळवली. उलटं जायला मनाई आहे, असं तो म्हणत होता. तेवढ्यात टेलिफोन वाजला.

त्यानं ऐकलं. मग रिसीव्हरवर हात ठेवला.

"तिसऱ्या चौकीवरून आहे. बासष्ट तिथं परत आलेत."

"थांबवा त्यांना! म्हणावं, बसा. मी येते. बसा म्हणावं!"

त्यानं निरोप दिला, पुन्हा ऐकलं, मान हलवली.

"विचारतायत, ती नीट पोचली का."

"सांगू नका," मी म्हणाले. का म्हणाले, कोण जाणे.

पण तो आधीच "हो" म्हणून गेला होता.

पलीकडची बाई काहीतरी सांगत होती. त्यानं रिसीव्हर हळूच खाली ठेवला.

"निघाले म्हणे. स्वतःच्या नंबरावर स्वतःच काट मारली. आणि तुमच्या नंबरापुढे लिहिलं, पोचली."