नऊ नंबरचा गारवा

हुसेनमियाँना तोफांचं काडीचंही कौतुक नव्हतं. जेद्दामधल्या एकाच गोदामात एकतीस वर्षं काढल्यावर माणसाला कौतुक उरतं ते खुर्चीचं आणि पंख्याचं, आणि पंखा तर महिनाभर बंदच होता. मालक फहाद जुन्या वस्तूंचे लिलाव करायचा. आधी गालिचे झाले, मग मोटारी झाल्या, आता श्रीमंत शौकिनांना बागेत उभ्या करायला तोफा हव्या होत्या. गोदामात बारा तोफा येऊन पडल्या. प्रत्येकीच्या नळीत पोलादी बूच वितळवून बसवलंय ना, ते टॉर्च मारून बघायचं, चाकांखाली पाचर मारायची आणि पांढऱ्या रंगाने नंबर घालायचा, हे हुसेनमियाँचं काम. ऑगस्टचा महिना, डोक्यावर तापलेला पत्रा, आणि हात लावला तर सालटं निघेल असं लोखंड. संध्याकाळी खोलीवर पोचेपर्यंत त्यांचं हाडन् हाड बोलायचं.

पण हा शेवटचा लिलाव होता. फायनल एक्झिट लागली होती, म्हणजे नोकरी संपवून कायमचं घरी जायचा परवाना. शुक्रवारी दुपारी साडेचारचं मुंबईचं विमान, तिथून गाडीने श्रीवर्धन. याआधी दोनदा एक्झिट लागली आणि दोन्ही वेळा फहादने "हुसेन, फक्त एक सीझन" म्हटल्याबरोबर स्वारी विरघळली. या खेपेला बायकोने, ताजुन्निसाने, फोनवर सरळच सांगितलं.

"सगळ्या सुट्ट्या मिळून तुम्ही माझ्या वाट्याला तीन वर्षं आलात. या टायमाला नाही आलात तर मी वाट बघायची सोडणार. खरं सांगते."

ती रागाने बोलली असती तर त्यांनी हसण्यावारी नेलं असतं. पण ती शांतपणे बोलली.

नऊ नंबरची तोफ सगळ्यांच्या शेवटी आली. तुर्की होती, बुटकी, मदिनेच्या उत्तरेला वाळूत सापडलेली. नंबर रंगवताना हुसेनमियाँचा हात चुकून तिच्यावर टेकला आणि त्यांनी तो झटकन मागे घेतला. सवयीनेच घेतला म्हणायचा, कारण चटका बसलाच नव्हता. लोखंड गार होतं, विहिरीच्या आतल्या दगडासारखं गार.

हुसेनमियाँ काही भोळसट माणूस नव्हते. त्यांनी भिंतीवरचं तापमापक काढून दहा नंबरच्या तोफेवर ठेवलं. एक्कावन्न. नऊ नंबरवर ठेवलं. एकोणीस. मग गोदामातल्या दोघा हमालांना हाताशी घेऊन ती तोफ अंगणात रणरणत्या उन्हात नेऊन उभी केली आणि दोन तासांनी पुन्हा बघितलं. एकोणीसच. जाड पोलाद आहे, गारवा धरून ठेवत असेल, अशी त्यांनी आपल्या मनाची समजूत घातली. ती त्यांना स्वतःलाही पटली नाही.

हाशमला मात्र लगेच उलगडा झाला. हाशम त्यांच्या हाताखाली काम करणारा, म्हसळ्याचा, चौतिशीचा, बोलायला बसला की थांबायचं नाव नाही.

"चाचा, मदिनेकडच्या मातीतून निघालीय ती! बरकत आहे बरकत. थर्मामीटर कसले लावताय?"

मदिनेचं नाव निघालं की आपल्या कोकणातल्या माणसाची जीभच आवरते. हुसेनमियाँनी मान डोलावली. चूक झाली ती इथे. दुसऱ्या कुठल्या गावाचं नाव असतं तर त्यांनी दहा शंका काढल्या असत्या.

जोहरची नमाज आणि जेवण झालं की सगळेजण कैलुला करत, म्हणजे घटकाभर आडवे होत. त्या दुपारी हाशम नऊ नंबरच्या चाकाला पाठ लावून झोपला. वीस मिनिटांनी उठला तेव्हा त्याचा चेहरा ईदच्या सकाळसारखा दिसत होता.

"अंगातला सगळा शीण गेला चाचा! शप्पथ!"

दुसऱ्या दिवशी दोघे हमालही तिथेच झोपले.

आता या हाशमला तीन वर्षांची मुलगी होती, अर्वा. तिला त्याने फक्त फोनवर पाहिलेलं. पुढच्या महिन्यात त्याची सुट्टी होती आणि बॅग जूनपासून भरलेली. बॅगेत एक बोलणारी बाहुली होती. ती रोज काढून, बटण दाबून त्याने सगळ्यांचे कान किटवले होते. चौथ्या दिवशी हुसेनमियाँनी बघितलं, तर त्या बाहुलीच्या खोक्यात हाशम स्क्रू भरत होता.

"अरे, आणि बाहुली?"

"टाकली. खोकं चांगलं आहे."

"अर्वाला काय देशील मग?"

"अर्वा बरी आहे," हाशम म्हणाला. शेजारच्या कुणाची चौकशी केल्यावर सांगतात तसं. "सुट्टी रद्द केली मी. इथे काय वाईट आहे चाचा?"

हुसेनमियाँना वाटलं, घरी भांडण झालं असेल. पण मग दोघा हमालांनीही घरची नावं घेणं सोडलं. गोदामातली कुरकुर बंद झाली. कुणाची कंबर दुखेना, कुणाला घाई होईना. तिघे निमूट, हसतमुख काम करत. फहाद तर खूश! "माशाल्लाह हुसेन, यंदा माणसं काय छान आहेत!"

चार्जिंगच्या फळीवर तिघांचे फोन ओळीने वाजत राहायचे. एकदा न राहवून हुसेनमियाँनी हाशमचा फोन उचलला.

"अब्बा?" पलीकडून इवलासा आवाज आला.

त्यांनी फोन हाशमपुढे धरला. हाशम प्रेमळपणे हसला आणि तोफेचं चाक पुसत राहिला. "अब्बा? अब्बा?" हुसेनमियाँना तो फोन धरवेना आणि ठेववेना.

त्या दिवशी त्यांनी नऊ नंबरची फाईल उघडली. टाईप केलेल्या तीनच ओळी होत्या. तोफ एका ओसाड स्टेशनाजवळ मिळाली. रूळ तिथून तीस पावलांवर. चाकांपाशी सैनिकी बुटांचे सहा जोड, नीट रांगेत लावलेले.

घरी नेणारी गाडी तीस पावलांवर असताना ते सहा जण बूट काढून तिथेच बसून राहिले असणार. त्यानंतर त्यांनी हातमोज्यांशिवाय त्या तोफेला हात लावला नाही. दुपारी ते फाटकापाशी भट्टीत बसल्यासारखे बसत. घामाने निथळत, गुडघे चोळत, शुक्रवार किती लांब आहे ते बोटांवर मोजत. फहादला एकदा सांगूनही बघितलं.

"साहेब, ती तोफ काही बरी नाही."

"गुरुवारी विकली की खलास," फहाद म्हणाला.

आणि विकली गेलीही. दम्मामच्या एका संग्राहकाने घेतली. शुक्रवारी सकाळी त्याचा ट्रेलर यायचा होता. हुसेनमियाँ त्या रात्री कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर ते बॅग घेऊन गोदामात आले. किल्ल्या हाशमकडे द्यायच्या, टॅक्सी बोलावलेलीच होती, ती आली की निघायचं. पाच मिनिटांचं काम.

ट्रेलर अंगणात उभा होता. रिकामा.

आत नऊ नंबर होती तिथेच होती. हाशम आणि दोघे हमाल तिला टेकून झोपले होते, आणि त्यांच्या शेजारी ट्रेलरचा ड्रायव्हर, मुझम्मिल, हैदराबादचा. सकाळी आठला आलेला माणूस. खिशातला त्याचा फोन थरथरत होता.

"भाई, उठो! गाडी भरनी है!"

मुझम्मिलने डोळे उघडले, ओळख असल्यासारखा हसला आणि पुन्हा मिटले.

हुसेनमियाँ खाली बसले आणि त्याला खांद्याला धरून गदागदा हलवलं. काही उपयोग नाही. जाऊ दे, आपलं विमान आहे, असं म्हणत ते उठायला गेले.

गुडघ्याने दगा दिला.

तोल सावरायला हात पुढे गेला. उघडा हात. हातमोजे बॅगेत होते.

गार.

टाचांपासून काहीतरी निघून जायला लागलं. पोटऱ्या, गुडघे, कंबर. एकतीस वर्षांचा शीण. या अल्ला, किती बरं वाटलं! दोन मिनिटं, असं म्हणून ते टेकले.

डोळे उघडले तेव्हा त्यांनी घाबरून आधी सगळं आठवून बघितलं. बायको ताजुन्निसा. गाव श्रीवर्धन. विमान साडेचारला. सगळं होतं. काहीच गेलं नव्हतं. ते मनापासून हसले.

फोन वाजला.

"पोचलात का हो विमानतळावर?" ताजुन्निसा विचारत होती. मागे बायकांची लगबग, कुणीतरी नारळ फोडत होतं. "तांदळाच्या भाकऱ्या करून ठेवते. सगळे जमलेत बघा."

"बरं," हुसेनमियाँ म्हणाले.

"बरं काय? निघालात ना?"

त्यांनी पाठ चाकाला आणखी टेकवली. तिला वाईट वाटेल, हे त्यांना समजत होतं. वाईट वाटणं म्हणजे काय असतं, तेही समजत होतं; फक्त ते आत कुठे टोचत नव्हतं.

पलीकडची लगबग थांबली. 

"थकलात का हो?" तिने हळूच विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "आता अजिबात नाही."

त्यांनी फोन बंद करून बाजूला ठेवला. बाहेर हॉर्न वाजला, परत वाजला. मग टॅक्सीवाला घामाघूम होऊन, शर्टाने मान पुसत, त्यांना शोधत आत आला.

हुसेनमियाँनी थोडं सरकून त्याला जागा करून दिली.